चढाखाली थांबलेली गाडी

गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसाचा गाडा लागला, की माझा उन्हाळा सुरू होतो. कॅलेंडर बघावं लागत नाही. चरकाला बांधलेली घुंगरं वाजतात आणि मी हातातला गोळा परातीत तसाच टाकून मागं वळून बघते. दर वर्षी बघते. मागं काही नसतं. वसतिगृहाची भिंत असते, पाण्याची टाकी असते, दोरीवर मुलींच्या ओढण्या असतात. पण घुंगरं वाजली म्हणजे मागून गाडी येतीय, हे माझ्या मानेला पक्कं ठाऊक आहे. तिला आता कोण समजावणार?

मी हैदराबादला एका मुलींच्या वसतिगृहात चपात्या करते. मूळची बीड जिल्ह्यातली, शिरूर कासारच्या बाजूची. इथल्या बाया बोलतात ते मला पहिल्या दिवसापासून अर्धंमुर्धं कळायचं. आमच्याकडचे कितीतरी शब्द निजामाच्या वेळेपासून इकडचेच. तेवढाच एक आधार. बाकी सगळ्याची मला काळजी लागून असते. गॅस बंद केला का, चपात्या पुरतील का, नवरा ड्यूटीवरून निघाला असंल का. गाडेवाला उसाचे हिरवे शेंडे नालीत फेकतो, त्याचीसुद्धा. एवढं हिरवंगार वाढं! एका म्हशीची संध्याकाळ भागली असती.

ही वाढ्याची हळहळ त्या एका उन्हाळ्यातली आहे. तो अंगातून जायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला जाऊ देत नाही.

त्या वर्षी आमच्याकडं पाऊस आलाच नव्हता. कारखान्याचं गाळप लवकर संपलं, ऊसतोडीच्या टोळ्या लवकर परतल्या, आणि गावात यायचं तर गावात पाणी नाही. मग दूध सोसायटीनं सिंदफणेच्या कोरड्या पात्राकडेला जनावरांची छावणी उघडली. हिरव्या जाळीच्या सावल्या, खाली रांगेनं दावणी, आणि प्रत्येक दावणीशी त्या त्या घरातलं एक माणूस मुक्कामाला. आमच्या घरातनं मी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील. आईचं गुडघ्यांमुळं उठणंबसणं अवघड, ती गावात. सगळा हिवाळा जो ऊस आम्ही तोडून कारखान्याला घातला, तसलाच ऊस आता ट्रकनं वैरण म्हणून यायचा. आण्णा एक कांडकं हातात घेऊन बघायचे, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं.

छावणीचा वास मला अजून येतो. शेणाचा, कापलेल्या उसाचा, टँकर आल्यावर नळीखालच्या ओल्या मातीचा. दुपारी सगळं गप्प व्हायचं. जनावरं रवंथ करायची, बाया जाळीखाली आडव्या व्हायच्या, बापे तंबाखू मळत बसायचे. करायला काही नसायचं. त्या रिकाम्या दुपारीच माझा भाऊ विष्णू त्याचा गेम घेऊन आला.

विष्णू माझ्याहून धाकटा. तेव्हा बीडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होता, शेवटचं वर्ष. मी सातवीतनं शाळा सोडली, आईचे गुडघे गेले त्या साली. ऊसतोडीला एकटं माणूस धरत नाहीत. दोघं मिळून एक कोयता. आईच्या जागी मी गेले, आणि विष्णूला गावातच, ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी हंगामापुरतं वसतिगृह असतं, तिथं ठेवलं. म्हणून तो शिकला. आणि म्हणूनच त्यानं हंगाम कधी बघितला नाही. आम्ही परत आलो की मी त्याला सांगायचे : गाडी कशी भरतात, बैलांच्या तोंडाला फेस कसा येतो, कारखान्याच्या अलीकडं चढ कसा आहे. तो हनुवटीला हात लावून ऐकायचा. त्या ऐकण्यातनंच त्यानं गेम केला. नाव ठेवलं ‘हंगाम’. उसानं भरलेली बैलांची टायरगाडी फडातनं काढायची, वाट धरायची, चढ चढायचा आणि दिवस मावळायच्या आत कारखान्याच्या वजनकाट्यावर न्यायची. बस्स, एवढाच.

पण हा त्याच्या पास-नापासाचा प्रश्न होता. गेम हाच त्याचा शेवटचा प्रोजेक्ट, आणि पहिल्या खेपेला सरांनी तो परत केला होता. “अवघड की सोपा हे तू ठरवू नकोस,” सर म्हणाले होते. “ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही अशा माणसांच्या हातात दे. आणि देताना एक शब्द बोलायचा नाही. जे तोंडानं सांगावं लागतंय ते तुझ्या गेममध्ये नाही, असं समज. ती माणसं शेवटपर्यंत पोचली तर ये.” नाही पोचली तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर पुढं काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझं लग्न ठरलं होतं. आण्णांच्या कोयत्याला जोडीदार लागणार होता. आण्णा तसं बोलले नव्हते. पण त्यांनी माझा कोयता धार लावून आढ्याला अडकवला होता, आणि विष्णू घरात आला की त्याची नजर आधी तिथं जायची.

तर, न बोलणारा विष्णू! ज्याच्या तोंडाला कधी झाकण नाही, तो पोरगा रुमालाचं टोक दातात धरून बसला. गोरखतात्या आमच्या शेजारच्या दावणीचे. पूर्वी मेंढरं राखायचे, ती विकल्यापासून टोळीत यायचे. ते म्हणाले, “इष्ण्या, दात दुखायलाय का बे?”

विष्णूनं नुसती मान हलवली आणि फोन पुढं केला.

“मुकं झालंय पोरगं. शिकून शिकून झालंय,” तात्यांनी निदान केलं आणि फोन घेतला. बघितलं. “ह्यो बैल निळा कावून हाय? निळा बैल कुणाच्या बापानं बघितला?”

आता मला हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. रंग चुकला म्हणजे नापास, असंच मला वाटलं.

रंगाचं काही नव्हतं. घोटाळा दुसरीकडंच होता. गाडी चालवायची तर काचेवरचं बटण दाबून धरायचं, आणि थांबवायची तर सोडायचं, असं विष्णूनं ठेवलं होतं. तात्यांनी बटण दाबलं, गाडी पळाली. पुढं खड्डा आला. तात्यांनी अजून जोरात दाबलं. गाडी खड्ड्यात. परत तेच. तिसऱ्यांदा तर त्यांनी दोन्ही अंगठे लावले, पाय ताठ केले आणि मागं रेलले. कासरा ओढल्यावर माणूस रेलतो तसे. बैल आपले पळतायत.

“हे जनावर फिरलंय,” तात्या म्हणाले. “ओढावं तसं पळतंय. असलं बाजारात इकून टाकावं.”

विष्णूच्या दातातनं रुमाल गळून पडला. तो हसत सुटला. “आरं, खरंच की! ओढलं की थांबाय पायजे,” असं म्हणत तो दूध संकलनाच्या खोलीकडं पळाला. तिथं विजेचा बोर्ड होता, आणि मित्राचा मागून आणलेला लॅपटॉप. आंबट दुधाच्या वासात बसून त्यानं सगळं उलटं केलं. ढिल्लं सोडलं की बैल चालणार, दाबलं की थांबणार.

मग कौसाकाकू. ह्या आमच्या टोळीतल्या, आवाजाला मोठ्या. त्यांनी बोट टेकवलं तर काही होईना. जिभेला लावून टेकवलं, तरी होईना. पदराला पुसून टेकवलं. “ह्याला माझं बोट वळखू येईना,” त्या म्हणाल्या. “कोयत्यानं घट्टे पडलेत, त्याला वाटत आसंल लाकूड टेकवलंय!” सगळ्या बाया हसल्या, आणि मग एकेकीनं आपापलं बोट लावून बघितलं. कुणाचं लागायचं, कुणाचं नाही. मी माझंही लावून बघितलं. करंगळी तेवढी चालली. विष्णू हसला नाही. तो आमच्या बोटांकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी गेममधली ती बारकी बटणं गेली होती. काचेची डावी बाजू सगळी एका बैलाची, उजवी सगळी दुसऱ्याची. कुठंही तळवा टेकवा, चालेल. कौसाकाकूंनी तळवाच टेकवला आणि गाडी वळल्यावर जाळीखालची जनावरं बिचकतील एवढ्यानं ओरडल्या.

मला त्या दुपारी काय वाटत होतं, ते नीट सांगता यायचं नाही. आमच्या माणसांना तोवर कुणी काही विचारलं असलं, तर ते नाव, गाव, जनावरं किती, एवढंच. हे पोरगं विचारत होतं, “कसं वाटलं? कुठं अडलं?” आणि सांगितलं की खरंच बदलून आणत होतं. तात्यांनी पाठ जरा ताठ करून बसायला सुरुवात केली. बाया वैरण टाकून झाली की आपणहून यायच्या : “आमचा लंबर कवा?”

पण चढ.

सगळे चढापर्यंत जायचे. फड, वाट, खड्डे, ओढा, सगळं पार करायचे. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवायचे. आणि थांबलेलेच राहायचे. वरचा सूर्य हळूहळू उतरायचा, ‘दिवस मावळला’ अशी अक्षरं यायची, आणि गेम संपायचा. तात्या थांबले, कौसाकाकू थांबल्या, जो तो तिथंच. विष्णूनं विचारलं, तर “अडलं कुठं? दिवसच मावळला,” म्हणायचे. त्याला वाटलं, चढ बघूनच माणसं हात टेकतायत. त्यानं चढ कमी केला. माणसं तरी थांबली. त्यानं अजून उतरवला. थांबलीच. शेवटी चढ इतका सपाट झाला की त्याच्यावर पापड वाळत घालावेत, तरी तात्या पायथ्याशी गाडी लावून निवांत फोन मांडीवर ठेवून बसलेले.

“आक्का,” विष्णू मला म्हणाला, “अजून सोपा केला तर चढ राहतच न्हाई. आणि सर म्हणतील, ह्याच्यात खेळायचं काय?” सरांनी दिलेली मुदत संपत आली होती. त्यानं आढ्याच्या कोयत्याचं नाव काढलं नाही, पण आपले तळहात उघडून बघितले आणि परत मिटले.

त्याच दिवशी चेअरमन आले. दूध सोसायटीचे चेअरमन, म्हणजे छावणीचे मालकच म्हणा. पांढरे कपडे, काळा चष्मा, जनावरांबरोबर एक फोटो, असा त्यांचा रोजचा फेरा. माणूस मनानं बरा. स्वतःचा मोठा बागायती ऊस; तो दुसऱ्यांनी तोडायचा. “काय रे, गेम केलास म्हणं? आण, बघू.” तेही चढाशी आले, आणि थांबले नाहीत. ढिल्लं सोडलं, बैल चालले, गाडी मागं घसरली. परत. परत. “तुझ्या बैलात दम न्हाई, इष्णू. जरा खुराक वाढव. आणि कारखान्याच्या गेटावर आपला एक फोटो टाक, काय?”

उरल्यासुरल्या चढावरूनसुद्धा त्यांची गाडी घसरली, कारण भरल्या गाडीचं वजन विष्णूनं खरं ठेवलं होतं. मी घमेलं घेऊन मागं उभी होते. चेअरमन चढत होते आणि घसरत होते. आमची माणसं घसरतच नव्हती, कारण ती चढतच नव्हती. हे मला दिसलं, आणि मी घमेलं खाली ठेवलं.

कारण मीही थांबले होते. अगदी पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी, विष्णूनं गेम माझ्याच हातात दिला होता. मी चढाशी थांबले, सूर्य मावळला, आणि मी फोन परत दिला. काही बोलले नाही. मला वाटलं, सातवीतनं सुटलेली आपण, आपलंच काही चुकलं असणार.

आण्णांनी तोवर फोन हातात घेतला नव्हता. “हंगामभर गाडी हाकली, आता काचंवर कावून हाकू?” असं म्हणून ते उठून जायचे. मी त्या दुपारी त्यांच्यापुढं फोन धरला. म्हणाले, “तू म्हंतीस म्हून.” त्यांनी गाडी फार सुंदर नेली. घाई नाही, ओढाताण नाही. ओढ्यात उतरताना तर तोंडानं बैलांना हळूच आवाज दिला, कुणाला कळलं नाही असं त्यांना वाटलं. चढ आला. आण्णांनी तळवा टेकवून गाडी थांबवली, फोन मांडीवर ठेवला, चंची काढली, आणि तंबाखू मळता मळता मान वळवून मागं बघितलं. छावणीत, खऱ्या रस्त्याकडं. आपण कुठं बसलोय हे क्षणभर विसरून त्यांनी मागं बघितलं.

बोलावं का? मला भीती वाटली. चुकलं तर, पोराचे उरलेले दिवसही जायचे. पण आता गप्प राहिले तरी ते जाणारच होते.

“विष्णू,” मी म्हणाले, “चढ सोपा करू नको.”

“कावून?”

“अवघड म्हणून न्हाई थांबत कुणी. ते मागच्या गाडीची वाट बघायलेत.”

“कोणती मागची गाडी?”

आण्णांनी चुन्याचं बोट तसंच धरून वर बघितलं. “आरं, भरल्या गाडीनं चढाला एकटं कोण जातंय? मागची येऊ दे. तिची जोडी सोडायची, आपल्या गाडीला पुढून लावायची. चार बैलांनी ही वर. मग चारी बैल खाली आणून ती वर. दोघांच्या दोन्ही गाड्या जात्यात.” आणि जरा रागावून म्हणाले, “मला वाटलं मागची यायलीय. यीनाच की तुझी.”

विष्णूला मी चढ सांगितला होता. चढाचा दगड, चढाचं वळण, चढावर सांडणारा ऊस, सगळं सांगितलं होतं. मागची गाडी सांगायची राहिली होती, कारण ती काय सांगायची गोष्ट आहे? श्वास घेतो हे कुणी सांगतं का?

विष्णूनं आण्णांच्या मांडीवरचा फोन उचलला. मग म्हणाला, “आक्का, तूबी थांबलतीस. पहिल्या दिवशी. मग बोलली का न्हाईस?”

“मला वाटलं माझंच चुकलं.”

“खेळणाऱ्याचं चुकत नसतंय. सर म्हणतात, गेमचं चुकतंय.” आणि मग तो जे म्हणाला ते मी हैदराबादपर्यंत आणलंय : “ह्याच्या पुढं आधी तुलाच देणार. पण तू बोलायचं.”

त्यानं चढ परत खरा केला. पहिल्याहून उभा. आता एकट्या गाडीनं चढणार नाही म्हणजे नाही. पण पायथ्याशी थांबलं, धीर धरला, की मागून घुंगरं वाजायची आणि दुसरी गाडी यायची. सूर्यही तोवर जरा दम धरायचा. घाईत दुसरा गाडीवान काढायला वेळ झाला नाही, म्हणून दोन्ही गाड्यांवर एकच माणूस बसलेला. “जुळे हायेत,” तात्यांनी ठरवून टाकलं. छावणीतलं एकूण एक माणूस काट्यापर्यंत पोचलं. आण्णांची गाडी पोचली तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि आण्णा लाजून म्हशीला पाणी पाजायला गेले. ती नुकतीच पिऊन बसली होती.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. विष्णूनं ते फोनवर सांगितलं, मी टँकरच्या रांगेत होते. मॅडम सारख्या चढतायत, सारख्या घसरतायत. विष्णू रुमाल चावतोय. मॅडमनी “हा भाग जमत नाहीये” म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि चहाचा कप उचलला. आणि फोनमधनं घुंगरं वाजली. मॅडम कप तसाच हातात धरून बघत राहिल्या. चार बैल, एक गाडी, वर. परत खाली. दुसरी गाडी, वर. म्हणाल्या, “हे कुणी सुचवलं?”

“मी त्यांना सांगितलं, माझ्या बहिणीनं,” विष्णू म्हणाला. रांगेतल्या माझ्या घागरीवर टँकरचं पाणी पडत होतं आणि मला आवाज नीट ऐकू येत नव्हता, म्हणून मी त्याला ते परत सांगायला लावलं. ऐकू आलं होतं. तरी लावलं.

पोरगं पास झालं. आण्णांनी चेअरमनला सांगितलं, “आमच्या पोरानं चढ काढला,” आणि माझ्याकडं बघून जरा थांबले, “पोरांनी,” म्हणाले. आढ्याचा कोयता मी स्वतः काढून घेतला. विष्णूला काम लागेपर्यंत म्हणून लग्न एक हंगाम पुढं ढकललं, आणि त्या साली आण्णांबरोबर मीच गेले. पाव्हणे कुरकुरले, मग गप्प बसले. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या हंगामात चढाला थांबले की मी मागं वळून बघायचे आणि एकटीच हसायचे. आण्णा म्हणायचे, “काय झालं?” मी म्हणायचे, “काय न्हाई. जुळे यायलेत का बघते.”

विष्णू आता पुण्याला हेच काम करतो. त्याच्याबरोबरची मुलं मोठ्या कॉलेजांतली आहेत. पण नवा गेम झाला की तो आधी माझ्याकडं येतो. मला अजून धाकधूक होते. चुकीचं बोलले तर, त्याचं नुकसान झालं तर. तरी बोलते. गेल्या महिन्यात म्हणाले, हे अक्षर बारीक आहे, पीठ लागलेल्या बोटानं हे दाबलं जात नाही. त्यानं अक्षर मोठं केलं.

काल दुपारी चपात्या झाल्यावर त्याचा फोन आला. ‘हंगाम’ त्यानं परत नव्यानं केलाय, पाठवलाय, म्हणाला. बघ. एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. फोन चालू ठेवून गप्प. त्याचा रुमाल आता कुठला आहे कोण जाणे.

मी हात धुतले, पुसले, वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसले, फोन स्पीकरवर टाकून गेम उघडला. फड आला, वाट आली, ओढा आला. बैल आता निळे नाहीत. चढ आला, तसाच उभा. मी तळवा टेकवून गाडी थांबवली आणि फोन मांडीवर ठेवला. पलीकडं विष्णूचा श्वास ऐकू येत होता. गल्लीच्या तोंडाशी रसाचा गाडा बंद होता, मालक सावलीला झोपला होता. म्हणजे ही घुंगरं त्याची नव्हती.

मी ह्या खेपेला मान वळवली नाही. खाली मांडीवर बघितलं. मागची गाडी येत होती, आणि ह्या वेळी तिच्यावर दुसराच गाडीवान होता. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, कमरेला कोयता.

“आक्का,” विष्णूला राहवलं नाही, “कसं वाटलं?”

“थांब,” मी म्हणाले, “अजून दोन्ही गाड्या वर जायच्यात.”